उलट आकडे

माझ्या खोलीत पूर्वी स्कीच्या काठ्या ठेवत.
भिंतींना अजून मेणाचा वास आहे
आणि दारावर पाटी: सामान.
रखवालदार तौनो म्हणतो, बदलू की, सोमवारी.
त्या सोमवाराचं हे तिसरं वर्ष.

मंगळवारी आणि गुरुवारी मी इथली.
बाकीचे दिवस दुसऱ्या दोन शाळांची,
मधे नव्वद किलोमीटर बर्फ
आणि रस्त्यात ठाण मांडलेली रेनडिअर,
ज्यांना हॉर्नचं काही म्हणजे काही वाटत नाही.
डिकीत माझं सगळं दुकान:
लाल-पांढरे ठोकळे, सेकंदाचं घड्याळ, चित्रांच्या वह्या,
कागदी रुमालांचे चार खोके.
रुमाल मुलांना कमी लागतात.

लॅपलँडमधली मुलं बूट दाराशी काढतात,
लोकरी मोज्यांवर शाळाभर घसरत फिरतात.
त्यामुळे चेहऱ्याआधी मला मोजे ओळखू येतात.
आज आलेत करडे, हिरव्या पट्ट्यांचे,
डाव्या अंगठ्याशी भोक.
इल्मो. इयत्ता दुसरी.
फाइलमध्ये लिहिलंय: लक्ष नसतं,
दुपारी डोकं बाकावर टाकतो,
विचारलं तर उत्तर देत नाही.
खाली बाईंची सही, आणि सहीच्याही खाली
दुसऱ्या पेनाने, मागाहून सुचल्यासारखं:
मला तो आवडतो.

मी आकडे सांगते, तू उलटे सांग.
चार, नऊ, दोन.
तो टेबलाखाली जातो.

उत्तरपत्रिकेत टेबलाखालचा रकाना नाही.
मी घड्याळ थांबवते (थांबवायचं नसतं)
आणि गुडघे वाजवत मीही खाली.
खालून फळीला च्युइंगम चिकटलेलं,
कुठल्या जुन्या मुलाचं, दगड झालेलं.
दोन नऊ चार, इल्मो म्हणतो.
मी चार आकडे देते, मग पाच, मग सहा.
सहाही तो परत आणून ठेवतो,
ओले हातमोजे हीटरवर मांडावेत
तसे, न घाई करता.

कुठे शिकलास रे?
बाबांच्या पाळीवर.
बाबा खाणीत. पाळी सुटते रात्री एकला,
गाडीचा आवाज दोनला.
तोवर उलट मोजायचं.
आणि दोन वाजले, गाडी आली नाही, तर?
तो माझ्याकडे बघतो,
मोठ्या माणसांना एवढंही कळत नाही तसं.
तर परत मोठ्या आकड्यापासून.

दुपारी अडीचला बैठक. बाहेर अंधार पडलेला.
मुख्याध्यापक, बाई, मी,
आणि टेबलाच्या मधोमध फोन, फोनमध्ये त्याची आई,
दुकानाच्या गल्ल्यावर, एका हाताने.
मागे मालाची टिकटिक: दूध, बटाटे, कुणाची तरी मासळी.
झोपतो की तो, ती म्हणते. नऊला मी बघून येते.
डोळे मिटलेले असतात.
टिक. टिक.
मग टिकटिक थांबते.
मीपण जागीच असते ना, स्वयंपाकघरात. दोनपर्यंत.

मुख्याध्यापक पेनाचं टोपण काढतात, लावतात.
मला बारा वर्षांचा अनुभव आहे, दोन पदव्या आहेत,
आणि तोंडून निघतं ते एवढंच:
मग एकाच खोलीत जागत जा.

इतिवृत्तात हे आलं नाही.
इतिवृत्तात आलं: झोपेच्या वेळापत्रकाबाबत पालकांशी चर्चा.

गुरुवारी भोक रफू केलेलं,
तांबड्या दोऱ्याने, कशालाच न जुळणाऱ्या.
तरी दुपारी तो झोपलाच, बाकावर, गणिताच्या तासाला.
बाईंनी त्याच्या अंगावर स्वतःचा स्वेटर टाकला
आणि वर्गाला हळू आवाजात पाढे म्हणायला लावले.

अहवाल अर्धाच आहे.
स्मरणशक्ती: वयाच्या मानाने उत्तम. हे सोपं होतं.
शिफारशींच्या रकान्यात मी लिहिते, खोडते,
गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडते, परत येऊन लिहिते.
तौनो दारात उभा, हातात पेचकस.
पाटी काढू का आज?
राहू दे, मी म्हणते.
इल्मोने परवा ती वाचली होती, उलटी:
नमासा.
आणि पहिल्यांदाच, दात दिसतील इतका, हसला होता.